कॉलेजात बुक बँक सुरू करायची आहे, डिपॉझिट घ्यावं का? (आणि एकूणच पुस्तकांचा खर्च)

ग्रंथपाल_ताई
नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. विषय थोडा मोठा आहे, सांभाळून घ्या.

आमच्याकडे विद्यार्थ्याला दोन पुस्तकं सात दिवसांसाठी मिळतात, त्यानंतर दिवसाप्रमाणे दंड. रेफरन्सची पुस्तकं बाहेर जात नाहीत, रीडिंग हॉलमध्येच बसून वाचायची. आता सेमिस्टरला पाच विषय धरा. एकेक चांगलं पुस्तक हजाराच्या आसपास, काही त्याच्याही वर. ज्याच्या घरून महिन्याला मेसचे आणि रूमचे पैसेच कसेबसे येतात तो काय करतो? परीक्षेच्या आधी लोकल पब्लिकेशनचं (इथल्याच प्रकाशकांचं, परीक्षेपुरतं) पुस्तक कोणाकडून तरी मागतो, नाहीतर मोबाइलवर धुरकट पीडीएफ वाचतो. मागच्या महिन्यात बाइंडिंगला द्यायची पुस्तकं तपासत होते तर हायड्रॉलिक्सच्या एका पुस्तकातलं मधलं अख्खं प्रकरण ब्लेडने कापून नेलेलं. इतकं सफाईने की पुस्तक मिटलेलं असताना पत्ताच लागत नाही. त्याची आमच्याकडे एकच प्रत. राग आला, पण ज्या मुलाने कापलं त्याला ते प्रकरण हवं होतं आणि मिळवायचा सरळ रस्ता आपण ठेवला नव्हता हेही खरंच की.

तर मला बुक बँक सुरू करायची आहे. सेमिस्टर सुरू होताना पाच विषयांचा संच द्यायचा, परीक्षा संपली की परत घ्यायचा. आमच्या वरिष्ठांचं म्हणणं, डिपॉझिट घ्या आणि उत्पन्नाचा दाखला मागा, नाहीतर पुस्तकं परत येणार नाहीत. माझं म्हणणं, दोन्ही नको. मागेल त्याला द्यावं. ज्यांनी असं काही चालवलंय किंवा विद्यार्थी म्हणून वापरलंय त्यांनी अनुभव सांगा.

कोथरूडचा_बाप्पू
पहिला मी! ताई, डिपॉझिट नको. बाकी सविस्तर जेवून आल्यावर.

निवृत्त_अभियंता
मी उलट बोलतो, राग मानू नका. संध्याकाळी एफसी रोडला एक चक्कर मारा. कॅफे भरलेले असतात आणि सगळी कॉलेजचीच मुलं. कॉफीला दोन-अडीचशे रुपये निघतात, पुस्तकाला निघत नाहीत? आम्ही अप्पा बळवंत चौकात पायपीट करून जुनी पुस्तकं घेतली, वर्ष संपलं की तिथेच विकली, त्या पैशात पुढच्या वर्षाची आणली. फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही. डिपॉझिट घ्याच, जबाबदारी कळते.

बीडची_पोरगी
काका, कॅफेत बसलेली मुलं तुम्हाला दिसतात कारण ती तिथे बसलेली असतात. जी बसत नाहीत ती दिसणार कशी? मी पुण्यात तीन वर्षं शिकले, त्या रस्त्यावरून रोज चालत जायचे, आत एकदाही गेले नाही. आमच्या रूमवर आम्ही चौघी. एका विषयाचं पुस्तक एकीने घ्यायचं, दुसऱ्याचं दुसरीने, असं वाटून घेतलेलं. परीक्षेच्या आदल्या रात्री एकच पुस्तक चौघींना लागायचं, मग एकीने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं.

आणि डिपॉझिटचं सांगते. आमच्या कॉलेजात बुक बँक होती. डिपॉझिट हजार रुपये, शेवटी परत मिळणारे. पण जुलैमध्ये, म्हणजे फी, रूमचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स हे सगळं एकाच महिन्यात भरायचं असताना, ते हजार रुपये आणायचे कुठून? पाच महिन्यांनी परत मिळतील हे ऐकायला बरं वाटतं. घरी शेतीचा पैसा दिवाळीनंतर येतो, कॉलेज जुलैमध्ये सुरू होतं. शेवटी संच कोणी नेले? ज्यांना हजार रुपये सहज भरता आले त्यांनी.

खडकवासला_एक्सप्रेस
+१. शेवटची दोन वाक्यं ताईंच्या वरिष्ठांना प्रिंट काढून द्या.

निवृत्त_अभियंता
बीडची पोरगी, तुझा जुलैचा मुद्दा पटला. पण पुस्तक हरवलं तर काय, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

एबीसी_पुस्तकवाला
माझं अप्पा बळवंत चौकात (एबीसीत) दुकान आहे, वडिलांपासूनचं. दुकानदाराच्या बाजूनेही थोडं ऐका.

जुनं पुस्तक आम्ही साधारण छापील किमतीच्या पाव ते तिसरा हिस्सा देऊन घेतो आणि अर्ध्या किमतीला विकतो. यात कोणी बंगले बांधले नाहीत. पण जुन्या पुस्तकांचा धंदा मारला तो पॅटर्नने, म्हणजे अभ्यासक्रम बदलण्याने. विद्यापीठाचा २०१२ चा पॅटर्न, मग २०१५, मग २०१९, आता २०२४. दर वेळी लोकल पब्लिकेशनची नवी पुस्तकं येतात आणि जुनी रद्दीच्या भावात जातात. आतला मजकूर बराचसा तोच असतो, युनिट इकडचं तिकडे गेलेलं असतं. पण मुलगा दुकानात आला की पहिला प्रश्न, "काका, नवीन पॅटर्नचं आहे ना?" नाही म्हटलं की पुस्तक हातातही घेत नाही.

म्हणून ताई, बुक बँकेसाठी माझा सल्ला असा की पैसे खर्च करायचे तर मूळ टेक्स्टबुकांवर करा. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स दर चार वर्षांनी बदलत नाही. चांगल्या बाइंडिंगचं टेक्स्टबुक दहा वर्षं चालतं, लोकलचं पुस्तक एका पॅटर्नपुरतं. लोकलची तुम्हाला मुलंच आणून देतील, शेवटचा पेपर झाला की त्यांना ती खोलीत नकोच असतात.

ग्रंथपाल_ताई
पुस्तकवाले काका, हे फार उपयोगाचं सांगितलंत. अडचण एवढीच की मुलं मागतात लोकल. विद्यापीठाचे जुने प्रश्न सोडवलेले असतात, पंधरा मार्कांचं उत्तर पंधरा मार्कांएवढंच दिलेलं असतं.

मास्तर_कर्वेनगर
मी शिकवतो, म्हणून सांगतो की यात मुलांचा दोष काढू नये. आम्ही पेपरच असा काढतो की लोकल पुस्तकावर पास होता येतं. आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला जाड इंग्रजी टेक्स्टबुक पहिल्या वर्षी झेपत नाही हेही आहे. त्याला दोन्ही द्या. वर्गात मी सांगतो, आधी लोकलमधून विषयाचा सांगाडा कळू दे, मग एकच प्रकरण मूळ पुस्तकातून वाच. एक प्रकरण वाचलं की बरेच जण दुसऱ्याकडे आपणहून वळतात.

मराठीवरून आठवलं, एआयसीटीईने (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने) २०२१-२२ पासून प्रादेशिक भाषांत इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, आपल्याकडे पिंपरी-चिंचवडमध्ये मराठीतून कॉम्प्युटर सुरू झालं. त्यासाठी जी पुस्तकं मराठीत करून घेतली ती ई-कुंभ नावाच्या पोर्टलवर फुकट आहेत. मराठी माध्यमाचा प्रवेश नसला तरी कोणीही उतरवून घेऊ शकतं. माझ्या वर्गातल्या मुलांना हे ठाऊकच नव्हतं. एनपीटीईएलची (आयआयटीच्या प्राध्यापकांची ऑनलाइन) लेक्चर्स आणि नॅशनल डिजिटल लायब्ररीचंही तेच. सरकारी पैशाने झालेल्या चांगल्या गोष्टी आहेत, त्या मुलांपर्यंत पोचवायला कोणी नाही. ताई, तुमच्या बुक बँकेच्या काउंटरवर याचे क्यूआर कोड छापून लावा, खर्च शून्य.

रात्रीचा_डिलिव्हरीवाला
सर मी तुमच्यासारख्यांच्याच वर्गातला. सेकंड इयर. शिरूरकडून आहे. सकाळी कॉलेज, संध्याकाळी सहा ते अकरा डिलिव्हरी. पुस्तक फुकट आहे का विकत हा माझा दोन नंबरचा प्रश्न आहे, एक नंबरचा हा की लायब्ररी साडेपाचला बंद होते आणि प्रॅक्टिकल पाचला सुटतं. अर्ध्या तासात काय वाचणार. रेफरन्सचं पुस्तक घरी देत नाहीत म्हणजे माझ्यासाठी ते पुस्तक नाहीच. रात्री अकरानंतर मोबाइलवर पीडीएफ बघतो, एका पानावरचं सर्किट बघायला झूम करत करत डोळे जातात. बुक बँक झाली तर माझ्यासारख्याला खूप फरक पडेल, कारण पुस्तक रूमवर असेल.

कोथरूडचा_बाप्पू
भावा, वाचून पोटात कालवलं. जेवून आलोय, आता सविस्तर.

आमच्या कॉलेजात कमवा आणि शिका योजनेतली मुलं लायब्ररीत काम करायची. विद्यापीठाची ही योजना बहुतेक कॉलेजात आहे. रात्री नऊपर्यंत रीडिंग हॉल त्यांच्या जिवावर उघडा असायचा, एक क्लार्क आणि दोन मुलं. मुलांना तासाचे पैसे मिळायचे, बाकीच्यांना जागा मिळायची. ताईंनी बुक बँकेबरोबर ही मागणीही लावून धरावी. पुस्तक आणि वेळ दोन्ही लागतं.

पीडीएफ_सम्राट
एवढी चर्चा कशाला, टेलिग्रामवर सगळं मिळतं. लिंक हवी असेल तर मेसेज करा.

एबीसी_पुस्तकवाला
अहो सम्राट, ती पुस्तकं लिहिणाऱ्यात पुण्यातलेच मास्तर असतात. वर्षभर रात्री जागून लिहिलेल्या पुस्तकावर त्यांना मिळणारी रॉयल्टी आधीच तुटपुंजी. फुटपाथवरच्या कॉप्यांनी ती अजून खाल्ली.

वकील_शिवाजीनगर
इथे कायद्याचं थोडं सांगतो, कारण लोकांच्या डोक्यात दोनच टोकं असतात. एक म्हणतं सगळं चोरी, दुसरं म्हणतं शिक्षणासाठी सगळं माफ. दोन्ही बरोबर नाही.

दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाचा खटला बऱ्याच जणांनी ऐकला असेल. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी नावाचं दुकान. मास्तरांनी अभ्यासक्रमात लावलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र झेरॉक्स करून, स्पायरल बाइंडिंग लावून ते विद्यार्थ्यांना द्यायचे. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या तीन मोठ्या प्रकाशकांनी दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये हायकोर्टाने दावा फेटाळला, डिसेंबरमध्ये खंडपीठानेही मूळ तत्त्व मान्य केलं की कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(आय) प्रमाणे शिकवण्याच्या ओघात, त्या कामाला जेवढी गरज आहे तेवढी नक्कल करता येते. गरज किती हे तपासायला प्रकरण परत खाली पाठवलं होतं, पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला. लक्षात घ्या, ज्यांच्या पुस्तकांवरून दावा होता त्यातल्या बऱ्याच लेखकांनी आधीच प्रकाशकांना कळवलं होतं की हे करू नका.

आता याचा अर्थ अख्खं पुस्तक छापून विकायचा परवाना मिळाला असा नाही. तो धंदा गुन्हाच आहे, कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा. पण मास्तरांनी अभ्यासक्रमासाठी दोन प्रकरणं नेमली आणि लायब्ररीने वर्गासाठी त्याच्या प्रती दिल्या, तर घाबरून जायचं कारण नाही. ताई, तुमचं ते कापलेलं हायड्रॉलिक्सचं प्रकरण मास्तरांच्या यादीत असतं आणि त्याच्या झेरॉक्स काउंटरवर असत्या तर पुस्तक कापलं गेलं नसतं.

ग्रंथपाल_ताई
वकीलसाहेब, खूप आभार. आमच्याकडे झेरॉक्सच्या खिडकीवर मोठी पाटी आहे, "पुस्तकांच्या झेरॉक्स मिळणार नाहीत". ती आता बदलून घेते. ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या पाच सूत्रांतलं पहिलंच हे की पुस्तकं वापरासाठी आहेत. लायब्ररी सायन्सच्या पहिल्या तासाला शिकवतात आणि नोकरीला लागलं की आपण कपाटांच्या किल्ल्या सांभाळत बसतो.

दोन_मुलांची_आई
मी विषय शाळेकडे नेते, चालेल ना? माझी मुलं सीबीएसईला आहेत. शाळेचं नाव सांगत नाही. दर एप्रिलला "किट" घ्यावं लागतं. पुस्तकं, वह्या, कव्हरं, लेबलं सगळं एका खोक्यात, सुटं मिळत नाही. एनसीईआरटीची पुस्तकं स्वस्त असतात, पण खालच्या वर्गांना शाळा खाजगी प्रकाशकांची लावते, आणि त्यात मुलाने लिहून भरायची वर्कबुकं. मोठ्याचं पुस्तक धाकटीला वापरता येत नाही कारण त्याने पेनाने गाळलेल्या जागा भरलेल्या. वह्या-पेन्सिलींवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये शून्य झाला, बातमी वाचून मला आनंद झाला होता, पण एप्रिलला खोक्याची किंमत काही खाली आली नाही.

मास्तर_कर्वेनगर
ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही, राज्य शासनाचे आदेश आहेत तसे. चार-पाच पालकांनी मिळून लेखी विचारा. एकट्याने विचारलं की मुलाला त्रास होईल अशी भीती असते, चारजण गेले की सूर बदलतो.

बालभारती_प्रेमी
लिहून खराब होणाऱ्या पुस्तकांवरून... आपल्या राज्य शासनानेही हे करून पाहिलं होतं आठवतं का? दप्तराचं ओझं कमी करायचं म्हणून २०२३-२४ पासून पुस्तकातच वहीची कोरी पानं घातली. हेतू चांगला होता. पण पुस्तक जाड झालं, मुलं वही वेगळी नेतच राहिली, आणि कोरी पानं भरली की पुढच्या मुलाला ते पुस्तक देता येईना. जानेवारी २०२५ मध्ये निर्णय मागे घेतला, बरं झालं.

बाकी बालभारतीबद्दल मला मनापासून आदर आहे. १९६७ पासून सेनापती बापट रोडवरून राज्यभरच्या मुलांची पुस्तकं निघतात, मराठीच नाही, उर्दू, गुजराती, कन्नड अशा माध्यमांचीही. सगळी पीडीएफ वेबसाइटवर फुकट आहेत. पहिली ते आठवी सरकारी आणि अनुदानित शाळांत छापील पुस्तकंही मोफत. प्रश्न नववीपासून सुरू होतो. जिथे गळती वाढते नेमकं तिथून पुस्तक विकत.

सदाशिवपेठी_अभ्यासिका
एमपीएससीवाल्यांकडून बालभारतीला दंडवत 🙏 आमच्या अभ्यासिकेत तिशीतली माणसं पाचवीचं भूगोलाचं पुस्तक मन लावून वाचत बसलेली असतात. शेजारच्या काकूंचा नातू आला होता, म्हणे "दादा तू नापास झालास का?"

खडकवासला_एक्सप्रेस
😂😂 नातवाला अभ्यासिकेत नाव घालायला सांगा, आत्तापासून जागा धरून ठेवेल.

पर्वती_पायथा
मी पर्वती पायथ्याच्या वस्तीत संध्याकाळचा वर्ग घेतो. शाळेचा विषय निघाला म्हणून लिहितो. शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा गरीब मुलांना, हे २०१० पासून आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला होता की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला त्या जागा द्यायला नकोत. म्हणजे पुण्यात जवळपास सगळ्याच सुटल्या असत्या. जुलै २०२४ मध्ये हायकोर्टाने तो बदल रद्द केला. आमच्या वस्तीत त्या दिवशी पेढे वाटले.

पण प्रवेश मिळाल्यावरचं कोणी बोलत नाही. फी माफ असते. पण पुस्तकं, गणवेश, सहल, प्रोजेक्टचं सामान, बस हा खर्च असतोच. आमच्या एका मुलीच्या आईने दोन महिने जास्तीची धुणीभांडी धरली ती फक्त किटसाठी. आणि त्याहून वाईट म्हणजे वर्गात उभं करून विचारणं, "आरटीईवाले कोण कोण?" ती मुलगी आठ वर्षांची आहे. तिला आरटीई म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण ते काहीतरी लाजायचं आहे हे तिला त्या दिवशी कळलं.

ग्रंथपाल ताई, म्हणून कळकळीने सांगतो, उत्पन्नाचा दाखला मागू नका. "गरीब विद्यार्थ्यांसाठी" अशी पाटी लावू नका. ज्याला गरज आहे तोच त्या पाटीखाली उभा राहत नाही.

बीडची_पोरगी
हे अगदी असंच. आमच्याकडे संच मिळालेल्यांची यादी नोटिस बोर्डावर लावायचे, नावापुढे जातीचा प्रवर्ग. माझ्या मैत्रिणीने पुढच्या सेमिस्टरला अर्जच केला नाही.

समाजकार्य_पुणे
शासकीय योजनांचं एकत्र लिहून ठेवते, कोणाला तरी उपयोग होईल. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची बुक बँक योजना जुनी आहे, मेडिकल, इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमांना दोन विद्यार्थ्यांत एक संच अशी कल्पना. कॉलेजने मागणी करावी लागते आणि कितीतरी कॉलेजं करतच नाहीत, आधी आपल्या कॉलेजात विचारा. त्यांच्यापैकी शासकीय वसतिगृहात नंबर न लागलेल्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात जेवण, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये, त्याशिवाय इंजिनिअरिंग-मेडिकलला शैक्षणिक साहित्यासाठी ५,००० वेगळे. मुलींसाठी २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं. ग्रामीण भागातून येणाऱ्यांनी विद्यार्थी सहाय्यक समितीचं वसतिगृहही बघा, १९५५ पासून पुण्यात काम करतायत, तिथून शिकून गेलेले लोक पुढच्यांना मदत करत राहतात.

फक्त एक आहे की शिष्यवृत्तीचा पैसा खात्यात यायला उशीर होतो आणि पुस्तक पहिल्या आठवड्यात लागतं. मधली ती पोकळी बुक बँकच भरू शकते.

कानाने_वाचणारा
बराच वेळ नुसता ऐकत होतो (शब्दशः, स्क्रीन रीडरवर). मी पूर्ण अंध आहे, पुण्यात एमए करतोय.

इथे "पीडीएफ फुकट आहे" हे वाक्य पुष्कळदा आलं. पीडीएफ म्हणजे जर पानांचे फोटो असतील तर माझ्यासाठी ते कोरं पान आहे. ओसीआर (फोटोतल्या अक्षरांचा मजकूर करणं) करावं लागतं आणि मराठीचं ओसीआर जोडाक्षरांत अडकतं, "प्रश्न"चं काहीतरी भलतंच ऐकू येतं. मग डोळस मित्राला बसवून दुरुस्त करायचं. माझे वर्गमित्र पुस्तक वाचत असतात तेव्हा मी पुस्तक तयार करत असतो.

कायदा आपल्या बाजूने आहे बरं का. कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने अपंगांसाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणायला परवानगी दिली, प्रकाशकाकडे हात जोडायची गरज नाही. अंधांसाठीच्या मराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश, २०१४ मध्ये. सुगम्य पुस्तकालय ही ऑनलाइन लायब्ररी २०१६ पासून आहे, तिथे पुष्कळ पुस्तकं मिळतात. पण मराठीतली अभ्यासाची पुस्तकं कमी आहेत, कारण ती कोणीतरी तयार करायला हवीत.

ताई, तुमच्या कॉलेजात अंध विद्यार्थी असो वा नसो, मास्तरांना एक सांगा. नोट्स देताना टाइप केलेली फाइल द्या, फोटो काढून टाकू नका. यात कोणाचाच एक रुपया जात नाही.

मास्तर_कर्वेनगर
आजपासून माझ्या सगळ्या नोट्स युनिकोडमध्ये. जुन्या फाँटमधल्याही बदलून घेतो.

निवृत्त_अभियंता
दोन दिवस सगळं वाचलं. आरटीईच्या मुलीचं वाचून झोप लागली नाही. उत्पन्नाचा दाखला नको, हे मला मान्य. मात्र पुस्तक परत येण्याची काहीतरी व्यवस्था हवी यावर मी ठाम आहे. दहापैकी चार संच गेले तर तिसऱ्या वर्षी कपाट रिकामं, आणि नुकसान पुढच्या गरजूचंच.

कोथरूडचा_बाप्पू
काका, कॉलेजात नो-ड्यूज असतंच ना! लायब्ररीची सही असल्याशिवाय हॉल तिकीट मिळत नाही, शेवटी लिव्हिंग सर्टिफिकेट मिळत नाही. यापेक्षा मोठं डिपॉझिट कुठलं?

रात्रीचा_डिलिव्हरीवाला
हॉल तिकीट अडवू नका प्लीज. परीक्षेलाच तर पुस्तक लागतं, आधी परत केलं तर वाचायचं काय. शेवटच्या पेपरनंतर आठवडा द्या. पुढचा संच मागचा परत केल्यावरच, एवढं पुरे आहे. कोणाला पाच पुस्तकांचा पुढचा संच घालवायचाय?

निवृत्त_अभियंता
हे चालेल. हिशेबात बसतं. आणि हरवलंच तर दंडाऐवजी त्याच विषयाचं जुनं पुस्तक आणून द्यायचं, एबीसीतून अर्ध्या किमतीत.

एबीसी_पुस्तकवाला
बुक बँकेच्या मुलाला मी पाव किमतीत देईन. चिठ्ठी लिहून पाठवा.

ग्रंथपाल_ताई
मंडळी, आज वरिष्ठांशी बोलणं झालं. बीडच्या पोरीचा जुलैचा मुद्दा मी तसाच्या तसा मांडला. डिपॉझिट नाही, दाखला नाही, यादी बोर्डावर लागणार नाही. पहिल्या सेमिस्टरला फक्त सेकंड इयर, मेकॅनिकल आणि सिव्हिल, कारण तिथे मूळ पुस्तकं सगळ्यात महाग पडतात. खरेदीचे पैसे टेक्स्टबुकांवर, लोकलसाठी देणगीचा खोका परीक्षा हॉलच्या बाहेर शेवटच्या पेपरच्या दिवशी. परत करायला शेवटच्या पेपरनंतर आठ दिवस, पुढचा संच मागचा आल्यावर. मास्तरांनी नेमलेल्या प्रकरणांच्या झेरॉक्स काउंटरवर. रात्रीच्या वेळेचं अजून अडलंय, वॉचमनचा प्रश्न काढतायत, पण कमवा-शिकाच्या समन्वयकांना अर्ज दिलाय आणि मी ते सोडणार नाही. तोवर रेफरन्सची पुस्तकं संध्याकाळी पाचनंतर एका रात्रीसाठी घरी द्यायची, सकाळी दहाला परत, एवढं मंजूर करून घेतलं.

रात्रीचा_डिलिव्हरीवाला
ताई तुमचं कॉलेज कुठलं हे विचारत नाही, पण आमच्या मॅडमना हा अख्खा धागा पाठवतोय.

निवृत्त_अभियंता
माझ्याकडे थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स आणि मशीन डिझाइनची पुस्तकं आहेत. आवृत्त्या जुन्या आहेत, पण एकही पान गेलेलं नाही. चालतील का?

ग्रंथपाल_ताई
धावतील काका. सकाळी दहा ते पाच कधीही या, पत्ता मेसेज करते. आणि घरात स्टीम टेबल (वाफेच्या कोष्टकांचं पुस्तक) असेल तर तेही आणा, परीक्षेच्या आठवड्यात सगळ्यात जास्त मागणी त्यालाच असते.